मुठीचं मडकं

त्या वर्षी ठाकुर्लीच्या क्वार्टरच्या कुंपणावर एकच भोपळा धरला, आणि तोही आवडाबाईंनी प्रथमफळांच्या, म्हणजे पहिलं पीक देवाला वाहायच्या, रविवारासाठी राखला होता. दर वर्षी राखायच्या. ख्रिस्ती देवळात नेऊन टेबलाशी ठेवायच्या, उपासना संपली की अंगणात लिलाव व्हायचा, आणि भोपळ्याची पाळी आली की सगळ्यांच्या आधी बोली लावून स्वतःच तो परत घ्यायच्या. अख्खी मंडळी हसायची. "परत न्यायचा होता तर आणलात कशाला?" असं कोणी ना कोणी विचारायचंच, आणि बाईंचं उत्तरही ठरलेलं. "देवाला दिला, देवाकडून विकत घेतला. माझ्या वेलाचा भोपळा दुसरीच्या चुलीवर शिजलेला मला बघवत नाही, काय करू?"

यंदा त्यांनी भोपळा पुसून पायरीवर ठेवला आणि त्याच्याकडे पाठ करून चुलीपुढे बसल्या.

आधण ठेवलं. सुपातले तांदूळ धुण्याआधी एक मूठ काढून कोपऱ्यातल्या मडक्यात टाकली. हात आपोआप गेला, ओठही आपोआप हलले. "प्रभू, कोणाला तरी पाठव."

ठाकुर्लीच्या मंडळीतल्या प्रत्येक ख्रिस्ती बाईच्या घरी असं एक मडकं होतं. रोजच्या भातातली एक मूठ त्यात पडायची, महिनाअखेरीला सगळ्या मडक्यांतले तांदूळ देवळात जमायचे आणि ते विकून जे येई ते परदेशी सुवार्ता घेऊन जाणाऱ्यांसाठी जाई. रेशनच्या वर्षांत पोरांच्या ताटातला भात कमी झाला, पण आवडाबाईंची मूठ चुकली नाही. आणि मुठीबरोबरची प्रार्थनाही नाही. 'कोणाला तरी पाठव.' आता ते कोणीतरी आपल्याच घरात फ्रॉक घालून खेळतंय, वेणी घालायला लागलंय, मिरजेला नर्सिंग शिकायला चाललंय, हे या माउलीच्या डोक्यात इतक्या वर्षांत एकदाही येऊ नये? पण नाहीच आलं. देवानं ऐकलं, आणि ऐकताना घराचा पत्ताही बघून ठेवला.

उद्या लेकीची, सगुणेची, बोट होती. मुंबईहून मोंबासा, तिथून पुढे टांगानिकातल्या कुठल्याशा इस्पितळात. आज लिलावानंतर पाळकसाहेब तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला मंडळीच्या वतीनं पाठवणार होते.

मधल्या खोलीत बापलेकांचं लागलं होतं.

"आप्पा, तुम्ही एकदा पाळकसाहेबांना सांगून बघा," शांतवन म्हणाला. तो पॉवर हाउसला फिटर, पाळी करून आलेला, अंगावरचे तेलकट कपडेही अजून उतरवले नव्हते. "सरोजचं होईपर्यंत थांबू दे सगुणेला. मग जाईल की पुढच्या बोटीनं."

"बोट काय तुझ्या बायकोच्या दिवसांवर सुटते?" आप्पा आरशात बघून भांग पाडत होते. गँगचे मुकादम म्हणून निवृत्त झालेला माणूस. आवाज असा, की घरात बोलले तरी रुळांवरच्या गँगला हाक मारल्यासारखं वाटायचं.

"माझ्या बायकोचं सोडा. चोळे गावच्या बायकांनी कुठं जायचं? मोहन्याहून पोरी येतात बाळंत व्हायला आपल्या देवळामागच्या खोलीत, त्यांनी कुठं जायचं? उद्यापासून त्या खोलीला कुलूप. मंडळीला दुसरी नर्स ठेवणं झेपायचं नाही, हे तुम्हीच पंचांच्या बैठकीत म्हणालात. म्हणजे आपल्या दारच्या बायका मेल्या तरी चालतील, आपण निघालो आफ्रिकेला!"

आप्पांनी फणी खाली ठेवली. "खडवलीला तुझी आई मरायला टेकली होती, तेव्हा कोण आलं?"

झालं. शांतवननं मान खाली घातली. हे आलं की पुढं बोलण्यात अर्थ नसायचा.

"ग्रेस मिसबाई आली. गँगच्या ट्रॉलीवर बसून, भर उन्हात. सगुणा पोटात आडवी. तिच्या देशात काय बायका बाळंत होत नव्हत्या? तिच्या मंडळीनं म्हटलं असतं, बाई, आधी आपल्या दारचं बघ, तर आज सगुणा असती का? तुझी आई असती का? त्यांनी आपल्याला पाठवलं, आता आपण कोणाला तरी पाठवायचं. एवढं सरळ आहे हे."

दारात उभी राहून सरोज ऐकत होती. सातवा महिना लागला होता. पहिलं मूल मेलेलंच जन्मलं होतं, दुसरं एक दिवस जगलं. दोन्ही वेळा सगुणा मिरजेला होती, आणि यंदा ती सरोजचा हात धरून म्हणाली होती, "वहिनी, या खेपेला मी आहे." तो शब्द सरोजनं पदराच्या गाठीला बांधल्यासारखा जपला होता. तिला आता मामंजींचा राग यायचा, मिसबाईचाही यायचा. मेलेल्या माणसाचा राग करू नये म्हणून ती मग मनातच क्षमा मागायची.

तेवढ्यात चुलीपाशी आवाज आला. "तिच्या आईला कोणी विचारलं होतं का?"

आप्पा वळले. "काय?"

"मिसबाईच्या आईला." आवडाबाईंनी मागं वळून बघितलं नाही, त्या भात ढवळत होत्या. "म्हातारी तिकडं वारली आणि मिसबाईला इकडं कळलं, तेव्हा ती आपल्या खडवलीच्या उंबऱ्यावर येऊन बसली होती. आठवतं का तुम्हाला? भाकरी दे म्हणाली. मी दिली. खाल्ली नाही, हातात धरून रडत बसली. तुम्ही लोक देवळात मिसबाईची गोष्ट सांगता, पोरांकडून पाठ करून घेता. तिच्या आईची कधी सांगितलीत?"

मंडळीच्या कामात आवडाबाई नवऱ्याच्या शब्दाबाहेर गेल्याचं या घरानं पाहिलं नव्हतं. आप्पा टोपी घेऊन तडक बाहेर पडले. सासूचं आणि सरोजचं मिठापासून परटाच्या कपड्यांपर्यंत कशातच जमायचं नाही, पण आज ती आत गेली आणि त्यांच्या हातातली पळी काढून घेतली. "बसा आत्या, मी बघते," ती म्हणाली. आवडाबाईंनीही मुकाट्यानं पळी सोडली.

सगुणा देवळामागची खोली झाडून, कुलूप लावून परतली तेव्हा किल्ली तिच्या हातातच होती. तिनं येतायेता दारातून आतलं बोलणं ऐकलं असावं. ती आईजवळ येऊन उकिडवी बसली.

"आई, मिसबाईच्या आईला नसेल विचारलं. मी तुला विचारते."

"काय विचारतेस?"

"तू एकदा नको म्हण, मी जाणार नाही. आप्पांशी मी बोलेन, पाळकसाहेबांशीही बोलेन. फक्त त्यांनी डोक्यावर हात ठेवण्याआधी सांग. त्यानंतर मला मागं फिरता येणार नाही."

आवडाबाईंनी लेकीकडे बघितलं. "तुला काय वाटतं?"

"ते मला नको विचारू."

"का?"

सगुणा किल्लीशी चाळा करत राहिली. सरोजला वाटलं, आत्या आत्ताच म्हणतील. म्हणा की हो, एकदाच म्हणा, ती मनात ओरडत होती. पण आवडाबाई म्हणाल्या, "सरक, निखारे उडतील," आणि चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

पाळकसाहेबांनी यंदा एक नवं काढलं होतं. निरोपाची प्रार्थना देवळात न करता लिलावानंतर अंगणातच करायची, म्हणजे गावकऱ्यांनाही बघता येईल. गावकरी तसेही यायचेच, कोंबडा स्वस्तात सुटतो म्हणून. तेव्हा टेबल बाहेर काढलं, त्यावर भाताच्या लोंब्या, केळीचा घड, अंड्यांची टोपली, भोपळा असं सगळं मांडलं, आणि टेबलाला लागूनच एका खुर्चीवर पांढऱ्या पातळात सगुणेला बसवलं. आता यात काय चुकलं ते साहेबांना कसं कळावं? ते होते पुण्याकडचे, इथल्या लोकांच्या डोक्यातलं त्यांना काय ठाऊक.

लिलाव आप्पा पुकारायचे. एवढा आवाज मंडळीत दुसऱ्या कोणाचा नव्हता. त्यांची एक रीत होती, ती आवडाबाईंच्या भोपळ्यामुळंच पडलेली. वस्तू उचलली की आधी विचारायचं, "घरची बोली?" म्हणजे ज्याची त्यालाच परत घ्यायची असेल तर पहिला मान त्याचा. घरची बोली नसेल तर मग बाहेरच्यांची. आज त्यांनी कोंबडा विकला, केळी विकली, अंडी विकली. बायकोकडे आणि लेकीकडे न बघता हे सगळं करायला त्यांना फार जड जात होतं.

ते भोपळ्याला हात घालणार, तोच गर्दीतून चोळ्याची सखुबाई पुढं आली. मागं तिच्या गावच्या आणखी बाया. एकीच्या डोक्यावर तांदळाची पाटी, एकीच्या काखेत कोंबडी, एकीच्या हातात सुक्या बोंबलांची जुडी. सखुबाईची थोरली सून आणि नातू, दोघं सगुणेच्या हातून वाचलेली, हे सगळ्या ठाकुर्लीला ठाऊक होतं.

"मुकादम, भोपला ऱ्हाऊ द्या," सखुबाई म्हणाली. "आधी हिची बोली काढा."

"कोणाची?"

"सगुना बायची."

कोणीतरी फिस्सकन हसलं. सखुबाई हसली नाही. "मेजाशी ठेवलीय ना तिला? मेजाशी ठेवलेलं सगलं बोलीला लागतं, दरसाल बगतो आमी. ज्याची बोली मोठी, त्यानं न्यावाचं. आमी चोल्याच्या बायांनी मिलून आनलंय. ह्यो तांदूल, ही कोंबरी, हे बोंबील. कमी परलं तं सांगा, आनखी आनू. पन हिला कुठं धारू नका."

पाळकसाहेब पुढं झाले. "बाई, तसं नसतं हो. वस्तूंची गोष्ट वेगळी. हिला आम्ही देवाला वाहिलंय."

"भोपला बी देवालाच व्हायलाय ना?" सखुबाईनं सरळ विचारलं. "तो मुकादमीन दरसाल परत नेतं का नाय?"

एकेक मान वळली आणि सगळी मंडळी आवडाबाईंकडे बघायला लागली.

आणि आप्पा! गेले कित्येक दिवस मिसबाईचं नाव घेऊन घरात सगळ्यांची तोंडं बंद करणारा हा माणूस. त्यांना कळलं, की आपल्याला लेक जायला नको आहे. मुळीच नको आहे. पण हे आपण कोणत्या तोंडानं म्हणायचं? पंच आपण, बैठकीत हात वर करणारे पहिले आपण. बोल गं, आवडे, तू बोल, ते मनातल्या मनात म्हणाले. तू दरसाल बोलतेस, आज बोललीस तर कोणी तुला नावं ठेवणार नाही. साधं बोलायला गेले असते तर रडूच फुटलं असतं, म्हणून त्यांनी लिलावाचाच आवाज काढला.

"घरची बोली?"

"मुकादम, हे काय चालवलंय?" पाळकसाहेब दबक्या आवाजात म्हणाले. आप्पांनी ऐकलं नाही.

"घरची बोली आहे का?" त्यांनी पुन्हा विचारलं, आणि या वेळी आवाज चिरकला.

आवडाबाई उठल्या. सरोजनं त्यांचा पदर घट्ट धरला होता, तो तसाच ताणला गेला. 'नको' हा शब्द त्यांच्या तोंडात आलेला होता. त्यांनी लेकीकडे बघितलं. सगुणाही त्यांच्याकडेच बघत होती, आणि ती बघत होती ते भिऊन. लहानपणी शेजारणीनं हातावर खडीसाखर ठेवली की पोर अशीच आईकडे बघायची, ही आता परत द्यायला लावते की काय म्हणून. तोच चेहरा, तेच डोळे. 'ते मला नको विचारू' म्हणाली होती ना सकाळी? आता विचारायची गरजच उरली नाही. पोरीला जायचं होतं. आईनं नको म्हटलं तर ती थांबली असती, खोलीचं कुलूप उघडलं असतं, सरोजचं बाळंतपण केलं असतं, आणि खडीसाखर परत दिल्यासारखी जन्मभर गप्प राहिली असती.

आवडाबाईंना वाटलं, आपल्याला विचारलं नसतं तर बरं झालं असतं. मिसबाईची आई सुटली, तिला कोणी विचारलं नाही.

"घरची बोली नाही," त्या म्हणाल्या.

सरोजच्या हातून पदर सुटला.

"मंग आमची हाय की!" सखुबाईनं तांदळाची पाटी पुढं सरकवली.

"सखुबाई, तिलाच विचार."

सखुबाई सगुणेसमोर जाऊन उभी राहिली. "काय गो बाय? तुला जावाचं हाय?"

सगुणेनं तोंड उघडलं, मिटलं, आईकडे बघितलं. मग म्हणाली, "हो, सखूमावशी. मला जायचंय." आणि लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडायला लागली. इतके दिवस तिनं हे कोणापुढंच म्हटलं नव्हतं. मंडळी पाठवते, देव बोलावतो, असंच म्हणत आली होती. आपल्याला आवडतंय हे सांगायची तिला लाज वाटत होती.

सखुबाईच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिनं मनगटानं पुसलं. "मंग आमची बोली ऱ्हायली," ती म्हणाली. "पोर जातंच म्हनते, तं तिला काय बांधून ठेवाची? पन आनलेलं आमी परत नाय नेवाचं. ह्यो तांदूल आता ओटीला."

"ओटी?" पाळकसाहेब दचकले. "देवळाच्या अंगणात? आवडाबाई, तुम्ही तरी समजावून सांगा यांना. पंचांच्या घरच्या तुम्ही."

"कुकू नाय लावीत मी," सखुबाई म्हणाली. "तुमचं तुमाला, आमचं आमाला. नुसतं तांदूल."

लग्न झाल्यापासून आवडाबाईंनी ओटी भरून घेतली नव्हती, भरली नव्हती. त्या टेबलापर्यंत आल्या आणि लेकीला खांद्याला धरून उठवलं. "साहेब, घरची पोर लांब निघाली. तुम्ही डोक्यावर हात ठेवा, ह्या पदरात घालतील. दोन्हीतलं काहीच तिच्या वाइटाचं नाही." मग सगुणेला म्हणाल्या, "पदर पसर."

सगुणेनं पदर पसरला. चोळ्याच्या बाया एकेक पुढं आल्या आणि ओंजळी ओंजळीनं लाल तांदूळ घालत गेल्या. पांढऱ्या पातळाचा पदर ओझ्यानं खाली यायला लागला, तशी आवडाबाईंनी तो एका बाजूनं धरला. दुसऱ्या बाजूनं सरोजनं धरला. ती रडत होती, तिला रागही आलेला होता, तरी तिनं धरला.

"ओटी भरलीय तुजी," सखुबाई म्हणाली. "आता माह्यारी यावाच लागल, सांगून ठेवते." मग तिनं सरोजच्या पोटावर हात ठेवला. "आनि तू घाबरू नुको गो. तुज्या वक्ताला मी येन. हिनं शिकवलंय मला, पानी उकलून, हात धुवून. सांगावा धार, मी रातची बी येन."

पाळकसाहेबांनी सगुणेच्या डोक्यावर हात ठेवले आणि प्रार्थना केली.

दुपारीच शांतवन तिला घेऊन मुंबईला गेला. तिनं ओटीतले मूठभर तांदूळ रुमालात बांधून बरोबर घेतले, बाकीचे घरी ठेवले. खोलीची किल्ली आईच्या हातात दिली. आवडाबाई फाटकापर्यंत गेल्या, पुढं गेल्या नाहीत.

संध्याकाळी आप्पा देवळातून आले ते भोपळा घेऊन. पायरीवर ठेवला आणि शेजारीच बसले.

"हा कोणी घेतलाच नाही," ते म्हणाले. "नंतर लिलावाचं कोणाला सुचलंच नाही."

आवडाबाई दारात उभ्या होत्या.

"मी दोनदा विचारलं. तू बोलायचं होतंस गं."

"तुम्हाला कोणी अडवलं होतं? घर तुमचंही होतंच की."

अख्ख्या गँगला हाका मारणारा माणूस, भोपळ्यावर हात ठेवून मुसमुसून रडायला लागला. आवडाबाई आल्या, त्यांच्या पाठीवर हात ठेवला, थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, आणि आत गेल्या. घरात माणसं होती, त्यांना जेवायला लागणार होतं.

सरोजनं चूल पेटवून आधण ठेवलं होतं. आवडाबाईंनी सखुबाईचे लाल तांदूळ सुपात घेतले, खडे बघितले, आणि धुण्याआधी मूठ काढून मडक्यावर नेली. हात तिथंच थांबला. ओठ हलले, 'प्रभू' म्हणाले, आणि पुढचे शब्द येईनात.

सरोज बघत होती. "आत्या, आजच्या दिवस राहू द्या."

"नाही गं. मूठ चुकवायची नाही."

त्यांनी मूठ उघडली. तांदूळ मडक्यात पडले.

"परत पाठव," त्या म्हणाल्या.